संशोधनाचा पैसा कुठं जावा हे ठरवायचंय लेकीला

नमस्कार,

तुमची लेक शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला आहे, तिसऱ्या वर्षात. आता ती म्हणते, जन्मभर प्रयोगशाळेत नाही बसायचं. संशोधनाचा पैसा कुठं जावा हे ठरवणाऱ्यांत काम करायचंय. "असली नोकरी असते तरी का, का सरळ एमपीएससीला बसवू?" असं तुम्ही विचारलंय.

असते. एमपीएससीतून मात्र तिकडं जाता येत नाही.

तुम्ही इचलकरंजीचे यंत्रमागवाले. प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या, रंगाच्या पाण्यानं पंचगंगेचं काय होतं, हे मी काय सांगणार! टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, उजेडात हा रंग तोडतात, यावर शोधनिबंधांचा ढीग आहे. पण बीकरमधलं पाणी निवळणं वेगळं आणि कारखान्याची टाकी वेगळी. तिथं कण परत गाळून काढतानाच दमछाक होते. मधल्या टप्प्याचा खर्च कुणी करायचा? विज्ञानवाले वस्त्रोद्योगाकडं बोट दाखवणार, वस्त्रोद्योग पर्यावरणाकडं. हे जुळवणाऱ्या माणसांची आपल्याकडं वानवाच आहे. अमेरिकेनं नॅनो संशोधनात सगळ्या खात्यांना जोडणारं वेगळं कार्यालय उभारलं. आपल्याकडं केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं 2007 साली 1000 कोटींचं नॅनो मिशन सुरू केलं. जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद), संरक्षण यांचे निधी आपापले. आता 2023 च्या कायद्यानं संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनही आलंय.

पण निधी देणाऱ्या अशा संस्थांत प्रस्ताव हाताळणारे अधिकारी स्वतः वैज्ञानिक पदावर असतात. म्हणजे प्रयोगशाळा टाळून तिथं पोचता येणार नाही. एम.एस्सी., नेट-जेआरएफ (संशोधनासाठी विद्यावेतन मिळवून देणारी परीक्षा), पीएचडी, मग विज्ञान धोरणाची फेलोशिप, असा माझा सल्ला. वेळ लागेल, तुम्हाला कदाचित जास्तच वाटेल.

तोवर तिनं गाइडकडं एखाद्या चालू प्रकल्पाची फाइल बघायला मागावी. कोटेशनं, मंजुरीपत्र, उपयोगिता प्रमाणपत्र. हे शेवटचं, म्हणजे 'यूसी', मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. तो वेळेत गेला नाही की पुढचा हप्ता अडकतो आणि संशोधक पोरांचं विद्यावेतन रखडतं. निधीचं खरं शिक्षण त्या फाइलीतच आहे.

आणि सुट्टीत तिला ओळखीच्या प्रोसेसमध्ये घेऊन जा. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र, चालवणाऱ्या माणसाला विचारू दे, हजार लिटरमागं किती खर्च परवडतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हात घालण्याआधी तो आकडा तिच्या वहीत असला पाहिजे.