चित्रं मोजल्याशिवाय पुस्तक फ्रान्सबाहेर काढू नका

तुम्ही नाशिकहून लिहिलंय की फ्रान्समधल्या एका लहान गावच्या लिलावात सोनरा या फ्रेंच प्रवाशाच्या भारतप्रवासाचे १७८२ चे दोन खंड निघालेत. वर्णनात 'भरपूर चित्रं, नों कोलासियोने' असं आहे, आणि तुम्हाला दोनच गोष्टी हव्यात: बोली कुठवर न्यावी आणि कुरिअर कोणतं बरं. वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. काही वर्षांपूर्वी मीही याच पुस्तकापाशी, याच दोन शब्दांपाशी उभा होतो, आणि मलाही हेच दोन प्रश्न पडले होते.

नावनोंदणी, ऑनलाइन बोली, युरोत पैसे भरणं हे तुम्हाला जमतंच असणार, त्यात शिरत नाही.

'नों कोलासियोने' म्हणजे पानं आणि चित्रं मोजून पाहिलेली नाहीत. मला तेव्हा वाटलं, छोटं लिलावगृह आहे, शेकडो वस्तू एका दिवसात विकायच्या असतात, कुणाला वेळ झाला नसेल. उलट बरंच वाटलं, की मोठ्या विक्रेत्यांची नजर चुकलेली वस्तू आपल्याला स्वस्तात मिळेल. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ही. त्या दोन शब्दांचा व्यवहारातला अर्थ असा धरायचा: यातलं काहीतरी गेलेलं आहे आणि ते शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. या पुस्तकात १४० चित्रं आहेत, त्यांचे आकडे तपासायला विकणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुस्तक पूर्ण निघालं तर तसं लिहिल्याने किंमत वाढते. मग ती वीस मिनिटं कुणी का वाचवेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

हे पुस्तक मला का हवं होतं तेही सांगतो, कारण तुमचंही कारण बहुधा तेच असेल. मी सात वर्षं फ्रान्समधल्या लिओं शहरात नोकरी केली. सोनरा तिथलाच, १७४८ चा जन्म. राजाच्या हुकमावरून १७७४ ते १७८१ या काळात तो हिंदुस्थान आणि पूर्वेकडच्या देशांत हिंडला आणि परतल्यावर हे दोन मोठे खंड पॅरिसात छापले. चित्रं १४०, त्याच्याच रेखाटनांवरून प्वासों नावाच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. पहिल्या खंडात आपले देव, विष्णूचे अवतार, निरनिराळ्या जातींची माणसं, कारागीर. दुसऱ्यात पुढचे देश, आणि मग पक्षी नि झाडं. त्या पक्ष्यांत एक रानकोंबडा आहे. सह्याद्रीत पहाटे आरवतो तोच, मानेवर मेणासारखे ठिपके असलेला राखी रानकोंबडा. पुढे १८१३ मध्ये टेमिंक या डच पक्षीतज्ज्ञाने त्याला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यात सोनराचंच नाव आहे. लहानपणी आंबोलीला ऐकलेला कोंबडा लिओंच्या माणसाने काढलाय, हे कळल्यापासून मी या पुस्तकाच्या मागे होतो. लिओंत असताना पैसे नव्हते. पैसे जमले तोवर पुण्यात परतलो होतो.

हातोडा ११०० युरोला पडला. त्यावर लिलावगृहाचं २८ टक्के शुल्क, म्हणजे १४०८. (हे शुल्क धरूनच तुमची वरची मर्यादा ठरवा. ऑनलाइन मंच स्वतःचे वेगळे टक्के घेतो, तेही आधी विचारा.) वर पॅकिंग, विमा, कुरिअर, इथला कर. पार्सल जुलैत मुंबईत आलं आणि तीन आठवडे अडकलं. कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आलं तेव्हा खोक्याचा पुठ्ठा बोटाने दाबला की आत जात होता. आतलं पुस्तक मात्र धड होतं, कारण त्या काळचा कागद चिंध्यांचा, दमदार. शंभर वर्षांनंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद असता तर रडलोच असतो.

मग रविवारी जेवणाचं टेबल पुसून, पांढरी चादर अंथरून मी मोजायला बसलो. पहिला खंड पूर्ण. दुसऱ्या खंडात चीन आलं, ब्रह्मदेशातलं पेगू आलं, आणि पक्ष्यांपाशी आकडे उड्या मारायला लागले. नऊ चित्रं नव्हती, नऊच्या नऊ पक्ष्यांची. शिवणीपाशी कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या तेवढ्या शिल्लक होत्या, पात्याने सरळ कापलेल्या. आणि जिथे रानकोंबडा असायला हवा होता, तिथे समोरच्या मजकुराच्या पानावर त्याची सावली होती. इतकी वर्षं दाबून राहिलेल्या चित्राची शाई समोरच्या कागदावर फिकट तपकिरी उतरते, तशी. तुरा, शेपटीचा बाक, सगळं उलटं आणि पुसट. चित्र कुणीतरी चौकटीत घालून विकलंय आणि मला त्याची सावली मिळाली, हे कळायला मला थोडा वेळ लागला. बायकोने विचारलं काय झालं, तर सांगता येईना.

त्याच रात्री लिलावगृहाला फोटो पाठवले. नाव घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही. चार दिवसांनी उत्तर आलं की वस्तू न मोजता विकली होती, विक्रीच्या अटी वाचा. मी पुन्हा लिहिलं, की वर्णनात 'चित्रांसह' म्हटलंय आणि फोटोत मुद्दाम पहिल्या खंडातलीच चित्रं दाखवलीत. दोन आठवडे शांतता. मग एक बाई जरा सौजन्याने बोलल्या: सद्भावना म्हणून विचार करू, पण दोन्ही खंड तुमच्या खर्चाने ३० दिवसांत आमच्याकडे परत यायला हवेत.

इथून पुढचं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक भारतात आणणं सोपं आहे. परत पाठवणं सोपं नाही. आपल्याकडे पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू सरकारी परवानगीविना देशाबाहेर पाठवता येत नाही. हेतू उत्तम आहे, आपल्या मूर्ती नि पोथ्या ज्या वाटेने गेल्या ती वाट बंद करण्यासाठीच तो आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण फ्रान्समध्ये छापलेलं, दोन महिन्यांपूर्वी कर भरून आणलेलं पुस्तक परत पाठवायचं तर काय? कुरिअरवाला म्हणाला, ही पुरावस्तू नाही असा दाखला आणा. ज्या कार्यालयात गेलो तिथे पहिल्या दिवशी म्हणाले, पुस्तकाला दाखला लागतच नाही. मग तसं लेखी द्या म्हटलं, तर लेखी देता येत नाही. दुसऱ्या खेपेला दुसरे साहेब म्हणाले, लागतो, फोटो आणि अर्ज घेऊन या. तिसऱ्या खेपेला मूळ वस्तू घेऊन बोलावलं. पावसात दोन्ही खंड तिहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून रिक्षाने नेले, तर ज्यांनी पाहायचे ते रजेवर. आयातीची कागदपत्रं पुढे केली, ती कुणी हातातही घेतली नाहीत. वाईट कुणी वागलं नाही. प्रत्येकाने मला अदबीने पुढच्या टेबलाकडे पाठवलं. तेवढ्यात ३० दिवस संपले आणि फ्रान्समधलं सौजन्यही संपलं.

मी वकील नाही. फ्रान्सच्या कायद्यात लिलावगृहाविरुद्ध दाद मागायला विक्रीपासून ५ वर्षं मिळतात हे मला नंतर कळलं. पण पुस्तक पुण्यात, वकील तिकडे, आणि त्याची पहिल्या भेटीची फी ऐकूनच मी फोन ठेवला. नियम बदलत असतात, तुमच्या वेळी काय लागू आहे ते तुम्ही स्वतः विचारून घ्या.

तर तुमचा प्रश्न. बोलीचा आकडा मी सांगणार नाही, आधी हे करा. लिलावगृहाला आजच एका ओळीचा मेल टाका: दोन्ही खंडांत मिळून १ ते १४० क्रमांकांची सगळी चित्रं आहेत का, आणि नसतील तर कोणते क्रमांक नाहीत? चित्रांवर क्रमांक छापलेले आहेत, त्यामुळे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 'पुस्तक छान आहे' हे उत्तर धरू नका. आकडा हवा. आकडा मिळत नसेल तर तोच नकार समजा. आलेलं उत्तर जपून ठेवा, वर्णनात नसलेली हमी मेलमध्ये असली तर पुढे भांडायला काहीतरी हाती राहतं.

लिलावाच्या आधी वस्तू सर्वांना पाहायला मांडतात. तिथे कुणीही जाऊ शकतं. ओळखीचं कुणी जवळपास असेल, शिकायला गेलेला भाचा असेल, तर त्याला पाठवा. फ्रेंच आलं नाही तरी चालेल, १४० पर्यंत मोजता आलं म्हणजे झालं. गॅलिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, हे पुस्तक फुकट पाहता येतं. त्याच्या फोनवर ते उघडून द्या. ओळखीचं कुणी नसेल तर जुन्या पुस्तकांच्या एखाद्या व्यावसायिक विक्रेत्याला ठरलेल्या टक्क्यांवर तुमच्या वतीने बोली लावायला सांगा. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं, स्लामचं, सदस्यत्व आहे का ते बघा. हे पैसे वाया जात नाहीत. असा माणूस पुस्तक हातात घेऊन बघतो आणि नको म्हणायचं धाडसही त्याच्यात असतं.

आणि बोली जिंकलात तरी पुस्तक लगेच मागवू नका. ते फ्रान्समधल्याच माणसाच्या ताब्यात द्या, त्याला निवांत मोजू द्या, शिवणीपाशी कापलेल्या पट्ट्या बघू द्या, आणि सगळं जुळलं की मगच पाठवा. तिथल्या तिथे परत करणं म्हणजे एक ट्रेनचा प्रवास. इथून परत करणं काय असतं ते वर लिहिलंय. आणि जून ते सप्टेंबर काहीही मागवू नका. कुरिअर कोणतंही असो, पावसाळ्यात गोदामं सगळ्यांचीच ओली.

रंगीत प्रतीच्या मोहात पडू नका. या पुस्तकाच्या बहुतेक प्रती बिनरंगी आहेत. जुन्या रंगीत प्रती असतात, पण काळ्या-पांढऱ्या चित्रांवर हल्ली कुणीतरी जलरंग फासून किंमत वाढवलेल्याही दिसतात. तुकतुकीत निळा-हिरवा दिसला की दूर राहा, हे माझं मत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो: गेलेली चित्रं सुटी विकत घेऊन प्रत 'पूर्ण' करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मलाही मिळाला. दोन वर्षांनी लिओंला गेलो होतो, तेव्हा एका चित्रविक्रेत्याच्या खोक्यात तो रानकोंबडा सापडला. ७० युरो. शिवणीकडची कड सरळ कापलेली. माझ्याच प्रतीतला होता असं नाही, पण कुठल्यातरी प्रतीतला होताच. मी घेतला नाही. आपण सुटी चित्रं घेतो म्हणूनच पुस्तकं कापली जातात, असं मी मानतो. अनेक जाणते संग्राहक याच्याशी सहमत नाहीत आणि त्यांचीही बाजू आहे: कापून झालेलं चित्र कुठेतरी जाणारच, मग पुस्तकात का नको? मला ते पटलं नाही, एवढंच.

पहिलीच मोठी खरेदी असेल तर माझं ऐकाल का? सोनरा राहू द्या. रूसले या फ्रेंच प्रवाशाचं राजेरजवाड्यांच्या हिंदुस्थानावरचं पुस्तक घ्या, आशेत प्रकाशनाचं, १८७५ चं. त्यात ३१७ लाकडी कोरीव चित्रं आहेत आणि बरीचशी मजकुराच्या पानावरच छापलेली. अशी चित्रं कापायला गेलं तर मजकूर फाटतो, म्हणून या पुस्तकांच्या धड प्रती जास्त मिळतात. नाहीतर ज्यूल व्हर्नची १८८० ची वाफेच्या हत्तीची कादंबरी, बेनेतच्या चित्रांची. तिची सुरुवातच १८६७ च्या औरंगाबादेत होते, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम, अशी जाहीर सूचना भिंतींवर लागलेली असते. व्हर्नचा प्रकाशक एत्झेल, त्याच्या लाल-सोनेरी बांधणीवर मात्र उगाच पैसे उधळू नका. साध्या बांधणीत चित्रं तीच असतात.

घरी आल्यावर पुस्तक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. कडुलिंबाचा पाला घालू नका, त्याच्या ओलाव्याने डाग पडतात. आणि जुन्या कागदावरचे तांबूस ठिपके घालवून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती देऊ नका.

लिलाव शनिवारी आहे असं तुम्ही लिहिलंय. मेलचं उत्तर आलं की त्यातले क्रमांक मला कळवा, शुक्रवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. गॅलिकावरच्या प्रतीशी एकेक ताडून कोणतं चित्र कशाचं आहे ते सांगतो. रानकोंबडा आहे की नाही, ते आधी बघू.