प्रिंट वाळल्यावर बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

खानापूरचा स्टुडिओ चालवायला घेतलास आणि डार्करूमच्या जागी प्रिंटर बसवलास, हे कळलं. बरं केलंस. तिथल्या पावसात फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर सांभाळायचा आणि थंडीत चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, म्हणजे डेव्हलपरचा ट्रे गरम पाण्यात ठेवून 20 अंशांची वाट बघत बसायचं, यात आमचा निम्मा जन्म गेला. गारठ्यात डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन काम करायचं सोडतं, मग काळा रंग पुरता काळा येत नाही, राखाडीच राहतो. ते गेल्याचं मला काही दुःख नाही.

तुझी तक्रार वाचली: फोटो स्क्रीनवर झकास, कागदावर काळवंडलेला. प्रिंटर बिघडलेला नाही गं. स्क्रीन स्वतःच उजेड फेकते, कागद मात्र खोलीत असेल तेवढाच उजेड परत देतो. त्यात नवा मॉनिटर दुकानातून येतो तोच डोळे दिपवणारा. स्क्रीनचा उजेड मोजणारा कॅलिब्रेटर मिळाला तर उजेड चौरस मीटरला 100 कॅन्डेलाच्या (हे उजेडाचं माप) आसपास ठेव. नाहीतर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघड, शेजारी ट्यूबलाइटखाली कोरा कागद धर आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरव.

आमच्याकडेही हा चकवा होताच. फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) धुऊन काढला की ओला प्रिंट असा खुलायचा की वाटावं, जमलं! वाळला की जरा गडद. म्हणून हात बसलेला माणूस मुद्दाम किंचित फिकट काढायचा. तोच हिशोब आता तुला स्क्रीनशी करायचाय.

टेस्ट स्ट्रिप मात्र सोडू नकोस. आम्ही निगेटिव्हचं चित्र मोठं करून पेपरवर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली पेपरची पट्टी ठेवून पुठ्ठा पाच-पाच सेकंदांनी सरकवायचो. तूही अख्खा फोटो छापून शाई घालवू नकोस. समज, फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटो मोठा करायला आलाय. फेटा, कपाळ, मिशी आणि कोटाचा खांदा येईल एवढीच उभी पट्टी काप आणि एका ए-फोर कागदावर चार वेळा छाप, दर वेळी थोडी उजळ. मागे पेन्सिलीने किती उजळ केलंस तो आकडा लिही. रात्रभर वाळू दे. सकाळी दारात नेऊन बघ, मग आत ट्यूबखाली बघ, कारण फोटो लागणार तो घरातल्या भिंतीवर. पांढऱ्या फेट्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत आणि काळ्या कोटाची गुंडी कोटात बुडता कामा नये. ही दोन टोकं सापडली की मधलं बहुतेक जमून येतं.

कागद बदलला की प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीचं रंगांचं सेटिंग, बदल. मॅटवर काळा ग्लॉसीएवढा खोल येत नाही, तो आणायला फाइलशी झटापट करू नकोस. बेळगावच्या लॅबला पाठवायची असेल तर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत दे. त्या लॅबच्या मिनिलॅबमधला (फोटो छापायच्या यंत्रातला) पेपर बहुधा अजून चांदीच्या क्षारांचाच असतो बरं का, त्यावर लेझरने चित्र पडतं आणि पुढे केमिकलच. डार्करूम मेली म्हणणाऱ्यांना एकदा हे ऐकव की!

गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो घेऊन येतं आणि आठ बाय बारा मागतं. आठ बाय बारा इंचाला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोची बारीक केलेली फाइल येते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं. नसेलच तर छोटी साइज सुचव. हार घालून भिंतीवर कायम राहणारे फोटो लवकर न विटणाऱ्या पिगमेंट शाईचेच दे, आणि काचेला प्रिंट चिकटणार नाही असा माउंट (मधला पुठ्ठा) घाल.

लाइट गेली की प्रिंटरचं शाई सोडणारं हेड आपल्या जागेवर न जाता उघडं राहतं आणि शाई सुकते. प्रिंटरला यूपीएस लाव. काम नसलं तरी आठवड्याला एक रंगीत पान काढ.

राहिल्या जुन्या निगेटिव्ह. स्कॅन झाल्या म्हणून रद्दीत घालू नकोस. जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून कागदी पाकिटांत भर, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव आणि दर पावसाळ्याआधी जेल बदल. खानापूरच्या दमटपणात बुरशी निगेटिव्हवरचा चित्राचा थर, इमल्शनच खाते, मग स्कॅनर काय करणार? पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि साल लिही. लग्नाच्या निगेटिव्ह आधी घे, त्या मागायला लोक अजून येतात.

तुझे काका