विहिरीच्या मोटरीसाठी जनरेटर किती क्षमतेचा घ्यावा?

प्रश्न : आमच्या विहिरीवर ५ एचपीची थ्री-फेज पाणबुडी मोटर असून स्टार्टर साधा डीओएल (मोटरीला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) आहे. ऐन उन्हाळ्यात वीज जाते. ५ केव्हीएचा जनरेटर पुरेल का?

उत्तर : नाही, पुरणार नाही. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, या हिशेबाने आपली मोटर पंपाला ३.७ किलोवॅट शक्ती देते. परंतु तिची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) लक्षात घेता चालू स्थितीतच ती सुमारे ६ केव्हीए ओढते आणि सुरू होण्याच्या क्षणी डीओएल स्टार्टरवर पाच-सहापट प्रवाह मागते. लहान जनरेटर त्या क्षणी दबतो, व्होल्टेज कोसळते, स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (प्रवाह जोडणारा-तोडणारा आतला स्विच) थडथडतो आणि मोटर नुसतीच गुणगुणत तापते. वायंडिंग जळाले की पंप वर काढण्याचा खर्च वेगळाच. म्हणून १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) मात्र अवश्य बसवावा, कारण त्याच्याशिवाय जनरेटरची वीज उलट लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. जोडणीनंतर पाणी नेहमीपेक्षा कमी पडले, तर मोटर उलटी फिरत असावी. जनरेटर बंद करून कोणत्याही दोन फेजच्या तारा वायरमनकडून अदलून घ्याव्यात.