विषाणू कुठल्या पेशीत घडला?

प्रिय विद्यार्थीमित्रा,

परळच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर बहुधा एपोबेक-३जीचं काम आधी हाती येईल. २००२ साली ओळखलं गेलेलं हे पेशीतलं प्रथिन एचआयव्हीची सीडीएनए (त्याच्या आरएनएची डीएनए प्रत) बनत असताना तिच्यातल्या सायटोसिनचं युरॅसिल करतं. दुसऱ्या साखळीत मग ‘जी’च्या जागी ‘ए’ येतात. टीजीजीचा टीएजी झाला, की ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाऐवजी स्टॉप कोडॉन, म्हणजे थांबण्याची खूण, आणि प्रथिन तिथेच तुटलं.

गोंधळ होतो तो वेळेचा. एपोबेक विषाणूच्या कणात बसून जातो आणि घाव घालतो पुढच्या पेशीत. त्यामुळे व्हिफ (विषाणूचं एपोबेकला रोखणारं प्रथिन) नसलेला विषाणू एपोबेक नसलेल्या २९३टी पेशींत बनवलास, तर तो एपोबेक असलेल्या सीईएम पेशींत एक फेरी निवांत पुरी करतो आणि वाटतं, इथे संरक्षणच नाही. सीईएममधून बाहेर पडलेले कण गोळा करून टीझेडएम-बीएलवर (संसर्ग झाला की सिग्नल देणाऱ्या पेशींवर) टाक, तेव्हा खरा फरक कळेल. शेजारी एपोबेक नसलेल्या सीईएम-एसएस पेशी हव्यातच; त्यांत हा विषाणूही वाढतो. टाकताना पी२४ (विषाणूच्या कवचाचं प्रथिन) सारखं कर, मिलिलिटर नव्हे.

एपोबेकचा प्लाझमिड (त्याचं जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) सढळ हाताने ओतू नकोस. व्हिफ त्याला प्रोटिएसोमकडे (प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे) पाठवतो खरा, पण अति झालं की व्हिफही पुरा पडत नाही. चार-पाच चढत्या मात्रा लाव; एकूण डीएनए रिकाम्या प्लाझमिडने सारखा ठेव.

रक्तातल्या पेशींत आणखी एक पहारेकरी आहे: एसएएमएचडी१ हे प्रथिन. शांत सीडी४ पेशी आणि मॅक्रोफेजमध्ये तो डीएनटीपी, म्हणजे डीएनए बांधायचे सुटे घटक, फोडतो; विषाणूच्या विटाच पळवतो. पीएचए (पेशींना विभाजनाला लावणारं प्रथिन) देऊन जागवलेल्या पेशींत त्याचं फॉस्फोरिलेशन होतं, म्हणजे त्याला फॉस्फेट जोडलं जातं, आणि विषाणूवरची पकड सुटते. म्हणून शांत आणि जागवलेल्या पेशींचे आकडे एकाच तक्त्यात मांडू नकोस. शांत पेशींना बाहेरून डीऑक्सिन्यूक्लिओसाइड (डीएनटीपीचा कच्चा माल) देऊन बघ. सीडीएनए वाढली, तर अडसर इथलाच. एचआयव्ही-२कडे यावर व्हीपीएक्स हे प्रथिन आहे, एचआयव्ही-१कडे नाही.

रक्तातून या पेशी वेगळ्या करणारं फायकॉल खोलीच्या तापमानाला आणूनच वापर. सेंट्रिफ्यूज ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. जुलैतल्या दमट हवेत इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेवर नजर ठेव, बुरशी तिथूनच चढते.

आणि क्यूपीसीआरने (डीएनए मोजण्याच्या चाचणीने) सीडीएनए मोजायची असेल, तर पेशींवर टाकण्याआधी विषाणूला डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) दे. एका वेलमध्ये एफाव्हिरेंझ (सीडीएनए बनू न देणारं औषध) ही ठेव. तिथेही सिग्नल आला, तर तू मोजतोस तो विषाणू नाही, उरलेला प्लाझमिड आहे.