जुनी गाडी काढायची की ठेवायची? आधी ती पुरात होती का ते सांगा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न असा: २०१४ पासिंगची १२०० सीसीची पेट्रोल गाडी, रनिंग ९२,००० किलोमीटर. गॅरेजने ५८,००० रुपयांचं काम सांगितलंय. शोरूम एक्स्चेंजला १.६० लाख देतंय. नवी गाडी ऑनरोड ९ लाख, त्यात ७ लाख कर्ज. पगार ६२,००० आणि मुलगी पुढच्या वर्षी बारावीला.

माझं मत स्पष्ट आहे, गाडी ठेवा. फक्त एक अट आहे. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात ती पाण्यात उभी असेल, तर पुढचं सगळं गणित सोडा आणि विकून टाका. मात्र घेणाऱ्याला पुराचं सांगूनच विका. कार्पेट उचलून खालचा पत्रा गंजलाय का, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का, हे पाहा. पुरातल्या गाडीची वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देत राहते आणि तो खर्च कुठल्याच एस्टिमेटमध्ये धरता येत नाही.

पूर लागला नसेल तर इंजिन बघा. शिवाजी उद्यमनगरातल्या चांगल्या मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं सील, गेल्याचा संशय धरा. मग ५८,००० वर थांबणार नाही.

आता एस्टिमेट. चार टायर १८,०००, शॉकॲब्सॉर्बर आणि लोअर आर्म १५,०००, क्लचसेट ११,०००, एसी १४,०००. पहिली तीन कामं सुरक्षिततेची, ती आत्ताच करा: ४४,०००. नवे टायर घातल्यावर चाकांचं अलाइनमेंट करायला विसरू नका, नाहीतर ते एका बाजूने झिजून लवकर संपतात. क्लच खरंच गेलाय का, हे पन्हाळ्याच्या चढावर कळतं: चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. एसी उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतो.

७ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १४,७०० येतो आणि व्याज १.८२ लाख. पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा, तोही नेमका मुलीच्या ॲडमिशनच्या काळात! शिवाय ९ लाखांची गाडी चार वर्षांत सव्वापाच लाखांवर आली असं धरा, म्हणजे वर्षाला ९४,००० ची घट. त्यात व्याजाचे सरासरी ३६,००० मिळवले की १.३० लाख, सर्व्हिसिंग आणि विमा वेगळाच. तुमच्या गाडीची घट, आताचं काम चार वर्षांत विभागून आणि वर्षाची २५,००० ची दुरुस्ती धरूनही साठ हजारांच्या आत बसतं. नवी गाडी मायलेज देईल, पण वर्षाला ८,००० किलोमीटर रनिंगवर १५ ऐवजी २० चं ॲव्हरेज मिळालं तरी वाचतं सुमारे १३३ लिटर पेट्रोल. तेवढ्याने ही दरी भरत नाही.

विम्यात मात्र काटकसर करू नका. जुनी गाडी म्हणून अनेक जण नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा ठेवतात. त्यात पुराचं नुकसान मिळत नाही आणि कोल्हापुरात ही जोखीम घेण्यासारखी नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, चालू ठेवा. पाणी आत गेलेली गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न केला आणि इंजिन बसलं, तर साधी पॉलिसी बहुधा ते देत नाही. गाडी टो करूनच न्या.

२०२९ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. नोंदणीची मुदत संपायच्या आधी फॉर्म २५ भरून आरटीओत तपासणी आणि पर्यावरण कर, मग पाच वर्षांचं नूतनीकरण. खरा निर्णय तेव्हाचा. तोवर वाचलेल्या हप्त्यातले दरमहा ८,००० आरडीत टाका. चार वर्षांत व्याज सोडून ३.८४ लाख जमतात आणि तेव्हा लागणारं कर्ज निम्म्यावर येतं.

तरीही विकायचीच ठरवलीत, तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आरसीवर तुमचं नाव असताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीसोबत जात नाही, तो तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.