टॉम आणि जेरीची सुरुवात कशी झाली? इतक्या वर्षांनीही ते का आवडतात?

सुरुवातीला टॉमचं नाव टॉम नव्हतंच, जॅस्पर होतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओसाठी केलेला या जोडीचा पहिला लघुपट फेब्रुवारी १९४० मध्ये आला. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. मग नव्या नावांसाठी स्टुडिओतच स्पर्धा झाली आणि जॉन कार या अ‍ॅनिमेटरने सुचवलेली नावं ठरली. बक्षीस होतं ५० डॉलर. १९५८ पर्यंत हॅना-बार्बेरांनी ११४ लघुपट केले, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं.

आवडण्याचं मोठं कारण म्हणजे संवाद जवळजवळ नाहीतच. त्यामुळे भाषा आड येत नाही. आजी आणि नातू एकाच क्षणी हसतात. बोलण्याचं काम स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत करतं. टॉम दबकत चालला की वाद्यंही दबकत चालतात, तो आपटला की अख्खा वाद्यवृंद त्याच्यासोबत आपटतो. टॉम पियानोवर संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांची रचना वाजवतो तो भाग पुन्हा बघा: पंजे खरोखरच सुरांबरोबर फिरतात. हे सगळं हाताने, एकेक चित्र काढून केलेलं आहे! टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीसुद्धा स्वतः हॅना यांच्या आवाजातली.

आणि हो, लहानपणी आपण जेरीच्या बाजूने असतो, पण मोठेपणी जीव टॉमसाठी तुटतो. इतका मार खाऊनही तो पुन्हा उठतो, नवा बेत आखतो. मला तरी तोच जास्त जवळचा वाटतो.