पाच वर्षं झाली, तरी हेल्परच?

प्रिय मुली,

परवा तू पगाराची पावती दाखवून म्हणालीस, "मावशी, पगार वाढतोय की." मी ती दोनदा वाचली. वाढलाय तो विशेष भत्ता. महागाईप्रमाणे तो दर सहा महिन्यांनी बदलतो आणि काल कामाला लागलेल्या पोरीलाही तेवढाच मिळतो. तुझ्या पाच वर्षांच्या कामाचा त्यात एक रुपया नाही. हुद्दा अजून 'हेल्पर', वर्ग 'अकुशल'.

मला ते फार लागलं. नवरा सोडून गेला तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता. कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला लागले. पोरगं तापानं फणफणलं की खाडा. खाडे वाढले की काम सुटायचं. सात वर्षांत चार कारखाने झाले, हातातली कात्री तीच राहिली.

मग एका टेलरबाईनं जेवणाच्या सुट्टीत मला ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर, बसवलं. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि चिंध्यांच्या कडा मारायच्या. सुरुवातीला सुया मोडल्या, गोलाई तर महिनाभर जमेना. पण पुढे एक कारागीर बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा "मी बसते" म्हणायची हिंमत आली. दोन महिने ते मशीन चालवलं आणि मगच वर्ग बदलून मागितला, तोही लेखी. सरकारनं किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे वेगवेगळे ठरवलेत. काम मशीनचं आणि पगार हेल्परचा, हे तू मुळीच चालवून घेऊ नकोस.

तुमच्याकडे ठेकेदार बदलतो. नवा आला की पीएफचा जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, द्यायचा, नवीन काढू द्यायचा नाही. पीएफसोबतच्या पेन्शनला एकूण 10 वर्षांची नोकरी लागते. नोंदी तुटल्या की तुझीच वर्षं तुला सिद्ध करत बसावं लागेल. आणि 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानं द्यावी लागते. एकटीनं विचारू नकोस, चौघीजणी मिळून विचारा.

रविवारी सगळ्या पावत्या घेऊन ये. अर्जाच्या दोन प्रती काढू, एकीवर ऑफिसची पोच घ्यायची. आणि सुट्टीनंतर मशीनवर अर्धा तास थांबायचं असेल तर छोटीला शाळेतून मी आणत जाईन. माझ्याकडे जेवेल ती.

तुझी,
मावशी